येसाजीच्या रानाची सनद

पौडच्या बाजारात कमरुद्दीनचं दुकान होतं, पण दुकानात बसायची त्याची बायको मैमुना. तो स्वतः तट्टावर तंबाखू, सुया, कंगवे, खोबरेल असला माल लादून मुळशीच्या खोऱ्यात हिंडायचा. नदीच्या दोन्ही अंगांच्या गावांत त्याला ओट्यावर बसवून पाणी विचारलं नाही असं घर नव्हतं. लोक त्याच्याकडून माल घेत आणि त्याच्यापाशी निरोप ठेवत. सोयरीक जुळवताना दोन्हीकडची माणसं त्याला बाजूला घेऊन विचारत, कारण तो सांगे ते खरं निघे. त्याच्या बापाचंही असंच होतं. खोऱ्यात त्यांची शेती नव्हती, वतन नव्हतं. लोकांचा विश्वास हीच त्यांची मिळकत.

त्या वर्षी खोऱ्यात धरणाचं काम जोरात सुरू झालं होतं. कंपनीच्या माणसांनी भाताच्या खाचरांत खुंट्या ठोकल्या होत्या. सत्याग्रही पायाच्या चरांत आडवे पडत होते आणि पोलीस त्यांना उचलून गाडीत घालत होते. अशा दिवसांत पुण्याहून खासनीस वकील टांगा करून पौडला आले आणि कमरुद्दीनच्या दुकानासमोर उतरले.

पन्नाशीचे गृहस्थ, अंगात लांब कोट, डोक्यावर पगडी. वकिली त्यांनी कमी केली होती. आता ते जुने कागद गोळा करत. हस्तलिखित पोथ्या, बखरी, सनदा, राजाच्या नाहीतर सरदाराच्या शिक्क्याची पत्रं, जे मिळेल ते.

"हे खोरं पाण्याखाली जाणार," ते कमरुद्दीनला म्हणाले. "घरं जातील, देवळं जातील. ते आपल्या हातात नाही. पण या लोकांच्या उतरंडीत दीडदोनशे वर्षांचे कागद पडलेत. सामान हलवताना ते भिजतील, चुलीत जातील. तेवढे तरी वाचवले पाहिजेत. मला इथं कोणी ओळखत नाही. तुम्हाला ओळखतात."

"कागद घेऊन काय करणार, साहेब?"

"वाचणार. नकलून काढणार. मग ज्याचे त्याला परत."

कमरुद्दीनला हे पटलं. खोऱ्यासाठी कोणीतरी काहीतरी करतंय, आणि त्यात आपला हात लागतोय, याचं त्याला बरंही वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तट्टावर माल लादला नाही. वकिलांना बसवलं आणि लगाम धरून स्वतः पुढं चालू लागला.

खासनीस मोडी वाचत ते ऐकण्यासारखं होतं. भोरवली गावचे पाटील हैबतराव यांच्या ओसरीवर त्यांनी पहिलं दफ्तर सोडलं. पिवळे कागद मांडीवर घेऊन ते न अडखळता वाचू लागले, आणि पाटलांच्या घरातल्या कोणालाच ठाऊक नसलेली नावं एकेक करून त्या ओसरीवर येऊन बसली. कोणी लढाईत पडला होता. कोणाच्या विधवेला मुलं वाढवायला शेत दिलं होतं. आतल्या दाराशी बायका डोळे पुसत उभ्या राहिल्या. हैबतरावांनी दफ्तर तसंच बांधून वकिलांच्या हाती दिलं.

"आमच्या जमिनी सरकारी मोजणीत लागल्यात," ते म्हणाले. "भरपाई त्यावरच मिळायची. ह्यांचा आता आम्हाला उपेग न्हाई. पण कमरूभाई, परत मात्र आणा."

"आणतो," कमरुद्दीन म्हणाला.

अशी त्यांनी गावं पालथी घातली. प्रत्येक ओसरीवर लोक वकिलांचं वाचन ऐकत आणि शेवटी मान वळवून कमरुद्दीनकडे बघत. त्यानं मान हलवली की दफ्तर मिळे.

भोरवलीच्या वर, डोंगराच्या सोंडेवर धनगरवाडा होता. तिथं येसाजी धनगर आणि त्याची बायको तुकाबाई राहत. मेंढरं, थोड्या शेळ्या, नाचणीपुरता उताराचा तुकडा. कमरुद्दीन आणि येसाजी एका वयाचे. पोरपणी दोघं एकाच डोहात पोहायला शिकले होते. येसाजीच्या घरात एक सनद होती. बांबूच्या नळीत, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली. दसऱ्याला नळी बाहेर काढून तिला हळदकुंकू लावायचं, एवढंच त्यांना माहीत. ती उघडून वाचणारा माणूस त्या वाड्यात पूर्वी कधी आला नव्हता.

खासनिसांनी कागद अलगद उलगडला. वरच्या अंगाला काळा शिक्का होता. मजकूर असा, की धुळाजी धनगर यानं घाटात अडकलेल्या फौजेला वाट दाखवली, आपली मेंढरं कापून लोकांना खाऊ घातलं. त्याबद्दल अमक्या ओढ्यापासून तमक्या उंबरापर्यंतचं रान त्याला आणि त्याच्या लेकरांना चराईसाठी दिलं आहे. वंशपरंपरा खावं, कोणी अडथळा करू नये.

"धुळाजी म्हंजी आमचा खापरपणजा," येसाजी म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक होतं, जणू तो म्हातारा आत्ताच रानातून परतला होता.

खासनिसांचं तिकडे लक्ष नव्हतं. कागदाच्या तळाशी वेगळ्या वळणाच्या दोन ओळी होत्या. ते त्या ओळी पुन्हा पुन्हा बघत होते.

"हे कारकुनाचं अक्षर नव्हे," ते हळू म्हणाले. "हे खुद्द श्रीमंतांच्या हातचं आहे. पेशव्यांनी स्वतः लेखणी घेऊन लिहिलेलं. कमरुद्दीन, असं अक्षर मिळवण्यात माणसांचा जन्म जातो हो."

त्यांनी कागद नकलायला मागितला. तुकाबाई चुलीपाशी बसली होती, ती उठली.

"आमचा कागद घरात ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आमच्यापाशी सातबारा न्हाई, मोजणी न्हाई. रान आमचं हाय ते ह्या नळीमुळं."

"अहो बाई, नक्कल झाली की परत येईल."

"मग हितंच बसून करा की नक्कल."

"इथं उजेड नाही, दौत नाही, भिंग नाही."

येसाजीनं कमरुद्दीनकडं पाहिलं. "तुमचं काय म्हन्नं हाय, कमरूभाई?"

"दे," कमरुद्दीन म्हणाला. "माझ्या शब्दावर दे. दिवाळीला मी सोता आणून देतो."

येसाजीनं नळी वकिलांच्या हातात दिली. तुकाबाई परत चुलीपाशी जाऊन बसली.

दिवाळी आली आणि गेली. कमरुद्दीननं पुण्याला दोनदा कार्ड टाकलं. काम चालू आहे, कागद पुष्कळ आहेत, घाई करू नये, असं उत्तर आलं. खोऱ्यात लोक विचारत तेव्हा तो तेच उत्तर सांगे. मग माघात पौडच्या कचेरीतून दवंडी फिरली. ज्यांची नावं मोजणीत नाहीत पण रानावर, कुरणावर, पाणवठ्यावर ज्यांचा जुना हक्क आहे, त्यांनी अस्सल पुरावा घेऊन साहेबासमोर यावं. हक्क शाबीत झाला तर बदली जमीन मिळेल. मुदतीनंतर कोणाचं ऐकलं जाणार नाही.

दवंडीच्या दुसऱ्या दिवशी तुकाबाई डोंगर उतरून पौडला आली. दुकानासमोर उभी राहिली, आत आली नाही.

"कागद द्या, भाई," ती म्हणाली.

कमरुद्दीन तसाच निघाला.

खासनिसांचा वाडा सदाशिव पेठेत होता. त्यांनी कमरुद्दीनला आत बोलावलं, बसायला पाट दिला. खोलीभर पुस्तकं होती. खोऱ्यातून आल्याचं ऐकून ते खूश झाले आणि त्यांनी एक जाड, कातडी पुठ्ठ्याचा आल्बम काढून त्याच्यासमोर उघडला.

"बघा, तुमच्या खोऱ्याची कमाई."

पानापानावर कागदाचे तुकडे डकवले होते. कुठं नुसता शिक्का, कुठं दोन ओळी, कुठं एकच शब्द. चारी कडा कात्रीनं सरळ कापलेल्या. खाली शाईनं ठळक नाव, साल. कमरुद्दीनला मोडी येत नव्हती, पण एका पानावरचा काळा शिक्का त्यानं ओळखला. त्याखाली त्या वेगळ्या वळणाच्या दोन ओळी.

"साहेब, बाकीचा कागद?"

"मजकूर सगळा नकलून घेतलाय मी. अक्षरन् अक्षर."

"कागद कुठाय?"

खासनिसांनी कपाट उघडून एक गठ्ठा काढला. त्यात वर आणि खाली भोकं पडलेले कागद एकावर एक ठेवलेले होते. काही नव्हते. ते पुठ्ठेबांधणीवाल्यानं नेले, असं वकील म्हणाले. येसाजीचा कागद गठ्ठ्यात होता. शिक्क्याच्या जागी चौकोनी भोक, तळाची पट्टी गायब.

कमरुद्दीननं तो कागद हातात घेतला.

"तुम्ही परत देतो म्हणाला होता."

"देतोच आहे की. घेऊन जा." खासनिसांचा आवाज शांत होता. "वतनाचा मजकूर नेहमीचाच असतो, कमरुद्दीन. असे हजारो कागद आहेत. मोल आहे ते हाताला. ज्या हातानं राज्य चालवलं तो हात इथं आहे. त्या झोपडीत वाळवीनं खाल्ला असता."

"कचेरीत अस्सल कागद मागतात, साहेब. त्याचं रान जायचंय."

खासनीस आता थोडे अस्वस्थ झाले. त्यांना दवंडीची बातमी नव्हती. ते खोलीत दोन फेऱ्या मारून थांबले.

"तुकडा सुट्टा देणार नाही. कचेरीत गेलेला कागद परत येत नसतो, हे मी वकील म्हणून सांगतो. पण मी स्वतः आल्बम घेऊन येईन. साहेबाला दाखवीन, शिक्का याच कागदाचा आहे म्हणून शपथेवर सांगीन. मग तर झालं?"

कमरुद्दीनचा जीव भांड्यात पडला. त्यानं त्यांना नमस्कार केला आणि भोक पडलेला कागद छातीशी धरून तो परतला.

सुनावणीच्या दिवशी खासनीस आले नाहीत. कमरुद्दीन सकाळपासून पुण्याच्या रस्त्याकडं डोळे लावून कचेरीच्या फाटकात उभा होता. येसाजी धुतलेलं मुंडासं बांधून वडाखाली बसला होता. दुपारी त्याच्या नावाचा पुकारा झाला. कारकुनानं कागद उजेडात धरला. भोकातून त्याचा चेहरा दिसला.

"शिक्का कुठं आहे?"

"पुण्याला हाय," येसाजी म्हणाला.

"शिक्का पुण्याला आणि कागद पौडला?" कारकून साहेबाकडं वळून म्हणाला, "खोटा असेल म्हणून कापून टाकला असावा."

कमरुद्दीननं पुढं होऊन सगळं सांगितलं. साहेबानं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. शिक्का आणि सही मुदतीच्या आत घेऊन या, असं म्हणून त्यानं पुढची तारीख दिली. बाहेर आल्यावर येसाजी म्हणाला, "न्हाई आले व्हय वकीलसाहेब." एवढंच. रागानं नाही. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

कमरुद्दीन पुन्हा पुण्याला गेला. खासनीस घरीच होते. सुनावणीच्या दिवशी मुंबईहून एक बडे संग्राहक आल्बम बघायला आले होते, त्यांना नाही म्हणता आलं नाही, असं ते म्हणाले. पुढच्या तारखेला नक्की येतो. हे सांगताना ते कमरुद्दीनच्या डोळ्यांकडं बघत नव्हते.

"तो आल्बम तुम्ही त्यांना विकणार, साहेब?"

"अजून काही ठरलं नाही."

"एकदा बघू द्या मला."

खासनिसांनी आल्बम उघडून त्याच्यासमोर ठेवला. कमरुद्दीननं पानं उलटली, काळा शिक्का सापडला. त्यानं ते पान मुळापासून फाडलं, घडी करून बंडीच्या खिशात घातलं आणि उठून चालू लागला. खासनिसांना आधी कळलंच नाही काय झालं. मग ते दारापर्यंत धावले. त्यांच्या हाकेनं गल्ली जमा झाली. लकडी पुलाच्या अलीकडं लोकांनी कमरुद्दीनला धरलं आणि शिपाई येईपर्यंत जे त्याला मारायचं ते मारून घेतलं.

खटला फार चालला नाही. खासनिसांनी साक्षीत काही लपवलं नाही. होय, कागद कापले. होय, खोऱ्यातून आणले. आपल्याला आपली वस्तू परत हवी, या माणसाला शिक्षा व्हावी अशी इच्छा नाही, असंही ते म्हणाले. कमरुद्दीननं सांगितलं की पान त्यांचं नव्हे, येसाजीचं आहे. मग मॅजिस्ट्रेटनं येसाजीला पिंजऱ्यात बोलावलं.

"हा कागद तू यांना दिलास?"

"दिला."

"जबरदस्तीनं घेतला का?"

"न्हाई, सायेब. मीच दिला. कमरूभाईच्या शब्दावर दिला."

"परत द्यायचा असा काही लेख?"

"लेख न्हाई. बोलनं झालं व्हतं."

येसाजी खरं बोलला. त्याला दुसरं काही बोलता येत नव्हतं. तेवढ्यावर कमरुद्दीनला सक्तमजुरी झाली. फाडलेलं पान मुद्देमाल म्हणून कोर्टात राहिलं. खासनिसांनी ते मागितलं, येसाजीच्या वतीनं हैबतरावांनी अर्ज केला. दोघांनाही एकच उत्तर मिळालं, अपिलाची मुदत संपेपर्यंत काही दिलं जाणार नाही. पौडच्या कचेरीची मुदत त्याच्या आधी संपली.

येरवड्याला कमरुद्दीननं दगड फोडले. तिथं खोऱ्यातले सत्याग्रहीही होते. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, कमरूभाईही आपल्यासारखाच चरात पडून आला. कोणीतरी खरी हकिगत सांगितली. मग ते पूर्वीसारखेच बोलत, पण दफ्तरांची गोष्ट निघाली की गप्प होत. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरचे कागद त्या आल्बमात होते. ते सुटत तेव्हा तुरुंगाच्या दाराशी लोक हार घेऊन उभे असत. कमरुद्दीन सुटला तेव्हा मैमुना एकटी उभी होती.

"दुकान?" त्यानं विचारलं.

"उघडं आहे," ती म्हणाली. वाटेत बरंच अंतर गेल्यावर तिनं सांगितलं, "वरच्या गावांतलं कोणी येत नाही."

घरी पोचल्यावर त्यानं तट्टावर माल लादला. मैमुनेनं अडवलं नाही. तो भोरवलीला गेला तर गाव अर्धं उठलं होतं. लोक घरांची वासे-कौलं गाड्यांत भरत होते. हैबतराव भेटले. त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, तब्येत विचारली. माल कोणी घेतला नाही. ओट्यावर दुसरं कोणी येऊन बसलं नाही.

"येसाजी?" त्यानं विचारलं.

हैबतरावांनी खालच्या अंगाला हात केला. "धरणावर हाय. कामाला."

येसाजीच्या रानाचा खालचा पट्टा पाण्यात जाणार होता आणि वरचा कंपनीनं कुंपण घालून घेतला होता. चराई बंद झाल्यावर त्यानं मेंढरं खालच्या दलदलीकडं नेली. तिथं त्यांचे खूर सडले. निम्मी मेली, उरलेली खाटकाला गेली. धनगरवाडा कोणी मोडला नाही. तो आपोआप रिकामा झाला.

कमरुद्दीन धरणावर गेला. दुपारची भाकरीची वेळ होती. दगडाच्या ढिगाआड येसाजी आणि तुकाबाई बसले होते. येसाजीच्या डोक्याला मुंडाशाऐवजी ओझं वाहायची चुंबळ होती आणि खांद्याची कातडी सोलवटली होती. कमरुद्दीनला बघून तो उठून उभा राहिला, जसा वाड्यावर पाहुणा आला की उठायचा.

"कवा सुटला?"

"झाले चार दिवस."

"खायला घालत व्हते का बरं?"

कमरुद्दीननं खाली मान घातली. येसाजीनं त्याच्या दंडाला धरून त्याला दगडावर बसवलं.

"पौडला चल," कमरुद्दीन शेवटी म्हणाला. "परसात जागा आहे. छप्पर घालू. दोन शेळ्या बघू कुठंतरी."

येसाजीनं बायकोकडं पाहिलं. तुकाबाईनं भाकरी फडक्यात बांधली. ती कमरुद्दीनशी बोलली तेव्हा तिच्या आवाजात कडूपणा नव्हता, फार थकलेल्या माणसाचा असतो तसा तो आवाज होता.

"भाई, तुमी चोरी आमच्यासाटी केली, ते ठावं हाय आमाला. मार खाल्ला, जेलात गेला. ते फिटायचं न्हाई. पर तुमच्या परसात ऱ्हायलो तर रोज तोंड बघायचं. आमी तुमचं, तुमी आमचं. न्हाई जमायचं ते."

"तुकाबाई—"

"यांना तुमचा राग येत न्हाई. मला येतो. रातीला यांच्या शेजारी निजते मी, आन् वाटतं ह्यांनी येकदा तरी शिव्या घालाव्या तुमाला. तर तुमी येऊ नका."

मुकादमानं शिट्टी वाजवली. ढिगांआडून माणसं उठू लागली. येसाजीनं चुंबळ नीट बसवली, कमरुद्दीनच्या खांद्याला हात लावला आणि रांगेत जाऊन उभा राहिला. दोन माणसांनी उचलून त्याच्या डोक्यावर दगड ठेवला. तो भिंतीकडं चालू लागला आणि त्याच्यामागं पाटी घेऊन तुकाबाई.

कमरुद्दीन पुन्हा धरणावर गेला नाही. पुढच्या पावसाळ्यात खोऱ्यात पाणी साचलं आणि तट्टाच्या वाटा बुडाल्या, तेव्हा त्यानं तट्टू विकून टाकलं. तो दुकानात बसू लागला. गिऱ्हाईक आलं की उठून माल देई, पण सोयरिकीचं कोणी विचारलं तर म्हणे, मला ठाऊक नाही, दुसऱ्याला विचारा. भिंत पुरी झाल्यावर मजुरांना काढून टाकलं. येसाजी घाट उतरून कोकणात गेला, असं कोणी म्हणालं. तिकडच्या माणसांनी मात्र, असा कोणी धनगर आला नाही, असं सांगितलं.